हवेत न सोडलेला गॅस

आमचे हे एसी दुरुस्त करतात. जुना एसी काढायचा, तर आधी त्यातला गॅस काढावा लागतो. बाकीचे मेकॅनिक काय करतात? पाना फिरवला, फुस्स, झालं काम! हे मात्र तो गॅस सिलिंडरमध्ये भरून घ्यायचे. त्याचं एक यंत्र असतं, यंत्र कसलं, धोंडाच तो! तो खांद्यावर घेऊन जिने चढायचे. मग ते अर्धा तास घरघरत बसणार आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं. "हा गॅस हवेत गेला की उकाडा आणखी वाढतो," एवढंच यांचं म्हणणं. दुकानातले यांना 'हवामान खातं' म्हणायचे.

मी किती कानीकपाळी ओरडले! "अहो, सगळेच सोडतात. तुमच्या एकट्यानं काय होणार आहे?" हे नुसतं "हं" म्हणायचे आणि कमरेचा पट्टा आवळायचे. कंबर पार कामातून गेली होती. डॉक्टरांनी बजावलं, आता ओझं उचललंत तर अंथरूण धराल. त्यात दुकानाचा मालक म्हणाला, "इतरांइतकी कामं उरकत नसतील तर घरी बसा."

एक दिवस हे दुपारीच घरी आले. खांदा रिकामा.

"यंत्र कुठंय?"

"दुकानात ठेवलं. आज सोडला गॅस." चपलाही न काढता खुर्चीत बसले.

"मग? कोणी काही बोललं?"

"कोण बोलणार? गिऱ्हाईक खूश झालं. चहा पाजला."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू? तेव्हापासून हे वेळेवर घरी येतात. कंबर बरी आहे, नोकरी टिकली, चिडवणंही बंद झालं. फक्त यांचं बोलणं कमी झालंय. जेवताना विचारलं तर म्हणतात, "दमलोय गं." आता कशानं दमतात, देव जाणे.

काल संध्याकाळी जीव नकोसा करणारा उकाडा होता. आमच्याकडे एसी नाही, एक टेबलफॅन आहे. स्वयंपाक आटोपून मी घामाघूम बाहेर आले, तर हे उठले आणि पंखा माझ्याकडे वळवला.

"फार उकडतंय ना गं?" असं काही खाली मान घालून विचारलं, की जणू हा उकाडा यांनीच केलाय.

"अहो, तुमच्या एकट्यानं काय..." म्हणता म्हणता माझी जीभ अडली. यांनी वर पाहिलं. मी पंखा परत यांच्याकडे वळवला.