गोऱ्या पणजोबांचं गाव

आई आमच्याकडे अमेरिकेत, कॅरीला राहायला आली तेव्हा माझा देवावरचा विश्वास पातळ झाला होता. तसं वाईट काही घडलं नव्हतं. औषधांच्या कंपनीतली लॅब, मुलींच्या शाळा आणि शनिवारची ग्रोसरी यांत तो कधी विरला ते कळलंच नाही. आईचं हृदय अशक्त झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी दत्ताच्या तसबिरीपुढे उभी राहिले, पण काय मागावं ते सुचेना. आई मात्र शांत होती. तिची एकच इच्छा होती. तिला आपल्या आजोबांना पाणी द्यायचं होतं.

हे आजोबा इंग्रज. घाटात रेल्वेचे बोगदे खणायला आले, तिथल्याच एका मराठी मुलीशी संसार मांडला आणि मुलगी रांगत असतानाच पटकीनं गेले. बायको लेकीला घेऊन भावाकडे परतली. ती लेक म्हणजे आईची आई, माझी आजी तमसा. घरात त्यांचा विषय कुणी काढत नसे. आजीनं फक्त नाव जपलं होतं, जॉन थॉमस. आमच्याकडे पूजा सांगणारे जोशी काका, एरवी इंजिनिअर, म्हणाले की गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावं, नाव पुरेसं आहे. आईला ते पुरेना. ती म्हणाली, "माणसाला गाव असतं, आई असते. ते घेतल्याशिवाय हाक कशी मारू?"

तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर नव्हते. जवळच्या रॅले शहरातल्या एका चर्चच्या तळघरात पूर्वज शोधणाऱ्यांसाठी खोली होती. इंग्लंडमधल्या गावोगावच्या चर्चची बाप्तिस्म्याची जुनी पुस्तकं आणि दर दहा वर्षांची शिरगणती यांच्या फिल्म तिथं मागवता येत. फिल्म यायला कित्येक आठवडे लागत. ती मशिनवर चढवायची आणि हातानं दांडी फिरवत पडद्यावर वाचायची. मी उगाचच लंडनपासून सुरुवात केली. जॉन थॉमस सगळीकडे होते. सुतार, कोचमन, तान्ही मुलं. वर्ष सरत आलं तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले की आता हे बंद करते, आईला काहीतरी सांगेन. तो म्हणाला, "काहीतरी सांगू नकोस. नाही सापडलं असं सांग."

ते सांगायचं असं ठरवून मी शेवटची फिल्म पाहायला निघाले, तर आईनं येण्याचा हट्ट धरला. याआधी ती एकदाही आली नव्हती. तळघराचे जिने तिला झेपतील का, या काळजीनं मी वैतागलेच होते. पहिल्या तासाभरात काही मिळालं नाही. बाहेरच्या बाकावर आईनं डबा उघडला, थालीपीठ माझ्यापुढे केलं आणि रोजच्या सवयीनं म्हणाली, "चल, आधी क्राउस करून घे."

आमच्या घरात दहाच्या सुमाराच्या खाण्याला क्राउस म्हणतात. आजी म्हणायची, आई म्हणते, मीही म्हणते. शाळेत मैत्रिणी हसायच्या तेव्हा मला वाटायचं, असेल घाटाकडचा एखादा शब्द.

शेजारच्या मशिनवरची पिकल्या केसांची बाई पाय मोकळे करायला बाहेर आली होती. ती थबकली आणि तिनं मला इंग्रजीत विचारलं की या आत्ता काय म्हणाल्या. मी सांगितलं. ती आमच्या शेजारी बसलीच. मिशिगनमधली निवृत्त शिक्षिका होती ती, लेकीकडे आलेली, दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. तिचे आजोबा तिकडे तांब्याच्या खाणीत काम करायचे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधून आलेले. तेही दहा वाजताच्या खाण्याला हेच म्हणत.

"हा शब्द पश्चिमेकडच्या खाणवाल्यांचा," ती म्हणाली. "बोगदे खणायला जगभर तेच तर जायचे. तुमच्या आजीचं नाव काय होतं?"

मी म्हटलं, तमसा, रामायणातल्या नदीचं. ती हळूच हसली. "आमच्याकडे टॅमसिन असतं. पहिल्या मुलीला बरेचदा आजीचं नाव ठेवायचे. तुम्ही एखादी टॅमसिन थॉमस शोधून बघा."

मी आईला मराठीत सगळं सांगितलं. आईनं त्या बाईचा हात हातात घेतला आणि उरलेलं थालीपीठ तिला दिलं. तिनं ते तिथंच खाल्लं. गडबडीत आम्ही एकमेकींची नावंही विचारली नाहीत.

कॉर्नवॉलच्या पश्चिम टोकाच्या फिल्म यायला उन्हाळा उजाडला. एका खाणीच्या गावच्या शिरगणतीत ते घर सापडलं. टॅमसिन थॉमस, विधवा. मुलगा जॉन, कथलाच्या खाणीत कामाला. त्या गावच्या चर्चच्या पुस्तकात त्याचा बाप्तिस्माही मिळाला, आईचं नाव तेच. दहा वर्षांनंतरच्या शिरगणतीत मात्र घरात टॅमसिन एकटीच होती.

मी आईला नेऊन ते दाखवलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी टॅमसिनचं नाव कुठलं ते विचारून तिनं पडद्यावर त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तिला कुणी कळवलंच नसेल गं."

सर्वपित्रीला आम्ही तळ्याकाठी गेलो. जोशी काका मंत्र सांगत होते, आई तीळ घातलेलं पाणी सोडत होती. आजोबांचं नाव आलं तेव्हा तिनं हात थांबवला. "आधी त्यांच्या आईचं घेते," म्हणाली. "तिनं वाट पाहिलीय." काकांनी मान डोलावली. धाकटीनं विचारलं, "आजी, हू इज टॅमसिन?" आई म्हणाली, "तुझीच माणसं, बाळा." मग तिनं गावाचं नाव तिला जमेल तसं, पण खणखणीत आवाजात उच्चारलं.

त्यानंतर आई आमच्याबरोबर आणखी काही वर्षं राहिली, समाधानानं राहिली. ती बाई त्याच दिवशी तिथं का आली, आईनं त्याच दिवशी हट्ट का धरला, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मी लॅबमध्ये काम करणारी बाई, योगायोग मलाही ठाऊक आहेत. पण त्या सकाळी मी सगळं सोडून द्यायला निघाले होते आणि आईनं वर्षभर एकदाही विचारलं नव्हतं की कुठवर आलं. तिनं ते दत्तगुरूंवर टाकलं होतं आणि रोज मला डबा भरून दिला होता. आता माझं काही अडलं की जमेल तेवढं मी करते आणि उरलेलं तसबिरीपुढे ठेवून कामाला जाते. काय मागावं ते अजूनही सुचत नाही. हात जोडले की आपोआप आभारच येतात.