गुडघ्याची चौकशी

देवालाही ज्याची धास्ती वाटावी असा माणूस साऱ्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघावा हे माझं नशीब. नशीब हा शब्दसुद्धा त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. तीस वर्षं ते वायरमन म्हणून विजेच्या खांबांवर चढले आणि "वर जाऊन बघितलं, कुणी न्हाई," असं सांगत खाली उतरले. डोंगरकडा गावातल्या नव्या घरात त्यांनी भर अमावस्येला बिऱ्हाड हलवलं. सोयरिकीच्या वेळी मी लेकीची पत्रिका पुढे केली, तर त्यांनी ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर मला माझ्या घराच्या वायरिंगचा नकाशा काढून दिला. नकाशा मात्र बिनचूक होता. त्यानंतर आमच्याकडचा फ्यूज एकदाही उडालेला नाही.

विहीणबाई गेल्या आणि यांनी दहावा-तेरावा करायला साफ नकार दिला, तेव्हा भावकीनं पाठ फिरवली. दुखवट्याला अंगणात आम्ही पाचच जण बसलो होतो. जावई आणि लेक पुण्याला परतल्यावर तर घर अगदीच सुनं झालं. एवढं मोठं गाव, पण माणसं जमणार ती देवासाठी, जातीसाठी, नाहीतर पुढाऱ्यासाठी. हे तिन्ही सोडलेल्या माणसानं बसायचं तरी कुणाजवळ?

अशात ओळखीच्या एका निवृत्त नर्सबाईंनी त्यांना रविवारी शहरातल्या चर्चमध्ये नेलं. हे वही घेऊन मागच्या बाकावर बसले. प्रार्थनेला डोळे उघडे ठेवणारे तेवढे एकटेच. उपासना संपली तसे पाळकसाहेब, म्हणजे तिथले धर्मगुरू, दारात उभे राहिले आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला नावानिशी विचारू लागले: आईचा गुडघा कसा आहे, लेकरू परीक्षेला बसलं का. यांनाही विचारलं, "तुमच्या जेवणाचं कोण बघतं?" वर्षभरात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, हे कबूल करतो. संध्याकाळी त्यांचा फोन आला. व्याह्याला ते इवाई म्हणतात. "इवाई, यांचा देव खरा का खोटा ते राहू द्या. पण गुडघ्याची चौकशी बराबर हाय. देव वगळून आपल्याला हे काहून जमणार न्हाई?"

आणि गड्यानं जमवलं की! केळी पिकवायच्या एका रिकाम्या वखारीत रविवारची बैठक सुरू झाली. देव नाही, जात नाही, पुढारी नाही. चर्चसारखं सगळ्यांनी मिळून काहीतरी गायला हवं, ही मात्र त्यांची अट. गाणी काढायला बसलो तर प्रत्येकात विठ्ठल नाहीतर कुणाचातरी जयजयकार. ते एकेक खोडत गेले आणि शेवटी हाती उरले पाढे. मी पोट धरून हसलो. पण पहिल्या रविवारी पंचवीस-तीस माणसं मांडी घालून बसली, बे एके बे सुरू झालं, आणि सत्तरीच्या एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून शाळेतल्या चालीवर दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, धरली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाया त्याच्यामागं म्हणू लागल्या. पत्र्याखाली तो आवाज असा भरून राहिला की माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, माझे हात आपोआप जोडले गेले. व्याह्यांनी ते पाहिलं आणि नजरेनंच खाली करायला लावले.

पुढं लग्नसराई आली, निवडणूक आली, माणसं गळू लागली. गैरहजर माणसाच्या घरी जाऊन चौकशी करायची हा नियम. त्यामुळं हे आठवडाभर दारोदार. कुणाचा दमा, कुणाची म्हैस, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, सगळं विचारून यायचे. लोक कंटाळले. यांची स्कूटर वाजली की मागच्या दारानं सटकायचे. एक जण मला म्हणाला, "देव परवडला, तो घरी तर येत न्हाई." शेवटी एका रविवारी वखारीत आम्ही दोघंच. दोघांनीच पावकी म्हटली. त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

पुढच्या रविवारी ते तापानं अंथरुणाला खिळले होते. मी उशाशी बसलो होतो. "वखारीची किल्ली देऊन टाका मालकाला," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून पडले. तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. दम्यावाला आला, म्हैसवाला आला, सून तान्हं लेकरू घेऊन आली. गेल्या रविवारपर्यंत तोंड चुकवणारे सगळे, आणि त्यांच्या ओळखीनं आणखी कितीतरी. "तुमी तीन दिवस आमच्या दारी आले न्हाईत, मंग आमीच आलो," दम्यावाला म्हणाला. एक म्हातारी पुढं होऊन त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "देव बरं करंल बाबा तुला," आणि जीभ चावून तशीच उभी राहिली. आता हे उठून वाद घालणार म्हणून मी पाणी पुढं केलं.

"व्हय माय," ते हळूच म्हणाले.

मग कितीतरी वेळ ते दारातून भरलेलं अंगण बघत राहिले. मी वाकलो तेव्हा मला एकट्याला ऐकू येईल एवढंच बोलले. "हिला माणसाची लई हौस व्हती, इवाई. ही गेली तवा माझ्यापायी पाचच आली."