तुळशीदासाचा बोर्डी दौरा

मोखाड्याच्या कचेरीत तुळशीदास कारकून होता आणि साहेबांचे दौरे आखणं हे त्याचं काम होतं. जिल्ह्याहून कुणी येवो नाहीतर मुंबईहून, त्यांनी कुठल्या पाड्यावर कधी उतरायचं, जेवण कुणाकडे, रात्री मुक्काम कुठं, हे तुळशीदासानं ठरवावं आणि साहेबांनी त्याबरहुकूम फिरावं. मध्येच कुठंतरी ‘राखीव’ असा एक शब्द घालायचा. राखीव म्हणजे साहेबांनी विश्रामगृहात पंख्याखाली आडवं व्हायचं. हा शब्द नसलेला दौरा त्याच्या टाइपरायटरमधून कधी बाहेर पडला नव्हता. स्वतः मात्र तो जव्हारच्या पलीकडे क्वचितच गेलेला. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. याच्याकडे उंटही नव्हता, हा खुर्चीवरूनच हाकायचा.

पण आखणी चोख. कुठला रस्ता पावसात खचतो, कुठल्या ओढ्याला गाडी अडकते, कुठल्या गावचा सरपंच दुपारी शुद्धीवर नसतो, सगळं त्याला पाठ. ‘तुळशीदासाचा दौरा चुकत नाही’ असं कचेरीत म्हणत आणि त्यालाही ते ऐकायला आवडे.

अशा माणसाचा मुलगा भाद्रपदात गेला. कमलेश नाव, पहिलीत होता. कावीळ झाली, अंगात मुरली, आणि जीपमध्ये घालून नाशिकला नेता नेता वाटेतच पोर आईच्या मांडीवर थंड पडलं. एकुलतं एक होतं.

दिवस झाले तसा तुळशीदास कचेरीत हजर झाला. रडला नाही. लोक म्हणाले, बाप्या मनाचा घट्ट आहे. घट्टबिट्ट काही नव्हता. आपण एकदा का बसलो तर पुन्हा उठता येणार नाही, एवढीच त्याला भीती होती. म्हणून तो बसतच नव्हता. कचेरीतून आला की कौलं शेकार, कुंपण बांध, कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाच्या लग्नाला मांडव घाल. घरात थांबायचं तेवढं टाळायचा.

त्याची बायको पुष्पलता मात्र बसली. तशी ती कामचुकार नव्हती. पाणी आणी, भाकऱ्या थापी, सासूच्या पायाला तेल लावी, आणि काम सरलं की पडवीच्या खांबाला टेकून बसे. बोलणं बंद झालं होतं. हो नाही एवढंच, तेही मानेनं. पानात घेतलेली भाकरी तशीच गुंडाळून ठेवी. ही तीच पुष्पलता, जी आश्रमशाळेत असताना कबड्डीत चढाईला गेली की समोरच्या पोरी मागं सरायच्या. नवी नवरी होऊन आली तेव्हा अख्ख्या आळीला तिचं हसणं ऐकू जायचं. आता बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. भगत झाला, दवाखाना झाला, नवस बोलून झाले. डॉक्टर म्हणाले रोग नाही. भगतानं सांगितलं बाहेरचं आहे. कुणाचाच उतारा लागू पडला नाही.

शिमग्याला तिचा भाऊ बुधा विक्रमगडकडून आला. दुःखाच्या घरचा पहिला सण, म्हणून पुरणाच्या पोळ्या घेऊन आला होता. बहिणीकडे पाहिलं आणि पोळ्यांचं फडकं तसंच हातात धरून उभा राहिला. जाताना अंगणात त्यानं तुळशीदासाला बाजूला घेतलं.

“पावनं, राग नका मानू. पाडव्याला मी परत येनार. बहीन अशीच दिसली तं घेऊन जाईन. हितं ती मरंल.”

“आमी काय कमी करतोय का तिला?”

“कमी नाय करत. पन ती मरतेय का नाय?”

तुळशीदास कुंपणाची एक काठी घट्ट करू लागला. त्याची आई कोंडी उंबऱ्यात बसून ऐकत होती. बुधा वळणापलीकडे दिसेनासा झाल्यावर ती म्हणाली, “पोरा, येकदा गेली का ती परत येनार नाय. माहेरी गेलेली दुःखाची बाई कोन परत धाडतं? काय करायचं त्ये आताच कर.”

त्या दिवसापासून तुळशीदासाची झोप उडाली. मुलगा गेला, आता बायको जाणार, आणि जाताना काही बोलणारही नाही. काय करावं कळेना. आणि काही कळेनासं झालं की माणूस त्याला येतं तेच करतो. तुळशीदासाला दौरा आखता येत होता.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी त्याला एक जुनी आठवण सापडली. लग्नाच्या पहिल्या वर्षी पुष्पलता एकदा चुलीपाशी बसून सांगत होती, आश्रमशाळेच्या स्पर्धा बोर्डीला झाल्या तेव्हा आपण समुद्र पाहिला, वाळूत कबड्डी खेळलो, पाण्यात पळत गेलो. “तिथं ना येक गंमतच झाली,” असं म्हणून ती हसायला लागली होती. त्या वेळी तुळशीदासाच्या मांडीवर कुठल्याशा सचिवांचा दौरा होता. तो “हं, हं” म्हणत राहिला आणि गंमत तशीच राहिली. आता त्याला एवढंच आठवत होतं, की बोर्डीचं नाव घेताना ती हसली होती.

बस्स. बोर्डीलाच जायचं. रंगपंचमी झाली की निघायचं आणि पाडव्याच्या आत परत. नुसतं जाऊन बसायचं नाही. बसण्यानंच तर घात केला होता! तिच्या अंगाला पुन्हा हालचाल लागली पाहिजे, ऊन लागलं पाहिजे, घाम आला पाहिजे. तुळशीदासानं कागद घेतला आणि साहेबांनाही कधी आखून दिला नव्हता असा दौरा आखायला घेतला.

पहाटे उठून किनाऱ्यानं शेजारच्या घोलवडपर्यंत चालत जायचं. परत येऊन न्याहारी, की भाड्याच्या सायकली. मग समुद्रात पोहायचं. दुपारी चिकूच्या वाड्या पाहायच्या, संध्याकाळी वाळूत पळायचं. दुसऱ्या दिवशी जवळचा डोंगर चढायचा, उतरून पुन्हा पोहायचं. आता या माणसाला सायकल येत नव्हती. मोखाड्याच्या चढउतारात ती शिकतो कोण? पोहणंही येत नव्हतं. ओढ्यात कंबरभर पाण्यात उभं राहून अंगावर पाणी घेणं, एवढीच त्याची मजल. पण बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशी गत. टेलिफोनच्या बूथवरून बोर्डीच्या एका इराणी बाईची खोली त्यानं सांगून ठेवली. बाई म्हणाली, या की, समुद्र समोरच आहे. बाजारातून पुष्पलतेच्या मापाचे कापडी बूट आणले. तिनं ते पाहिले आणि उचलून फळीवर ठेवले. पाण्याचा हंडा ठेवावा तितक्याच काळजीनं ठेवले, दुसरं काही नाही.

कचेरीतला शिपाई बारक्या एक दिवस टाइपरायटरवर वाकून तो कागद वाचत होता. म्हणाला, “भाऊसाहेब, राखीव इसरला.”

“इसरलो नाय.”

“मोकळा येळच नाय ठेवला कुठं. साहेब लोक पळून जातील असा दौरा दिला तं.”

“मोकळा येळ नको बारक्या,” तुळशीदास म्हणाला आणि त्याचा आवाज असा काही चिरला की बारक्या चहा आणायच्या निमित्तानं बाहेर गेला.

संध्याकाळी त्यानं पुष्पलतेला सगळा कार्यक्रम वाचून दाखवला. ती खांबाला टेकलेली. उन्हाळ्यानं विहिरीचा तळ दिसू लागला होता, दोन खेपा लांबून पाणी आणून ती थकली होती. वाचून झालं तरी ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि त्या बघण्यानं त्याचा धीर सुटला.

“पुष्पा, येशील ना? कायतरी बोल गं. शिव्या दे. बुधा आला तं मी काय तोंड दाखवू? तू गेलीस तं मी कुनाकडं बघायचं?”

तिनं मान हलवली. येते. पण ती मान, चुलीवर आधण ठेवू का म्हटलं तरी जशी हलायची, तशीच हलली. तुळशीदासाला रडू यायला हवं होतं. तो उठला आणि धड असलेलं कुंपण पुन्हा बांधायला गेला.

शनिवारी पहाटेच्या एस.टी.नं दोघं निघाली. कोंडीनं नागलीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. जव्हार गेलं, विक्रमगड गेलं. विक्रमगडच्या थांब्यावर तुळशीदासानं पाय आडवा टाकून वाट अडवली. माहेर इथून हाकेच्या अंतरावर. ही उतरून चालायला लागली तर काय करायचं? पण पुष्पलता खिडकीच्या गजावर कपाळ टेकून होती, तिनं बाहेर पाहिलंच नाही. डहाणूला गाडी बदलली. हवा ओलसर लागायला लागली, ताडाची झाडं आली, आणि दुपार चढता चढता बोर्डी आली.

सगळं वेळेवर झालं होतं. तुळशीदासाचा दौरा चुकत नाही! खोलीवर पिशव्या टाकल्या न टाकल्या, भाकरीचं गाठोडं काखेत मारलं आणि तो तिला घेऊन निघालाच. इराणी बाई मागून काहीतरी सांगत होती, पण यांना कुठं थांबायला वेळ होता? आता पोहण्याचा कार्यक्रम होता. सुरूची झाडं ओलांडली, वाळूचा उंचवटा चढला, आणि तुळशीदास जागच्या जागी उभा राहिला.

समुद्र नव्हता.

समोर चिखल होता. ओली, करडी, सपाट वाळू, नजर जाईल तिथपर्यंत. तिच्यावर दोनचार होड्या कलंडून पडलेल्या. अगदी पलीकडे एक चकाकती रेघ दिसत होती, ती पाणी असेल नसेल. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते.

डोंगरातल्या माणसाला पाणी आटतं हे ठाऊक असतं. विहीर आटते, ओढा आटतो, वैशाखात नदीचीही डबकी होतात, आणि आटलेलं पाणी पावसाळ्याशिवाय परत येत नाही. समुद्राला भरती ओहोटी असते हे तुळशीदासानं शाळेत पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण पाठ करणं निराळं आणि उभा समुद्र नाहीसा झालेला पाहणं निराळं. कचेरीत इतके दौरे आखले, कुठल्या ओढ्याला कधी पाणी असतं ते सांगणारा हा माणूस, पण समुद्र घरी आहे का हे विचारायचं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“ह्योबी गेला,” तो म्हणाला.

 मग तो वाळूत बसला आणि रडायला लागला. भाद्रपदापासून अडवून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. छाती पिटून, मोठ्यानं, बायका रडतात तसा तो रडला. “ह्योबी गेला, पुष्पा. मी आनलं तुला येवढ्या लांब, न् ह्योबी गेला. माझ्या हातानं कायच व्हईना. माझा कमलेश...” मुलाचं नाव त्याच्या तोंडून तेव्हापासून आज पहिल्यांदा निघालं होतं. होडीला डांबर लावणारा एक माणूस हात थांबवून पाहत राहिला.

 पुष्पलता पदर सावरून त्याच्याशेजारी खाली बसली.

“येतो तो,” ती म्हणाली.

तुळशीदासानं मान वर केली. किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकला, आणि तो खरखरीत झाला होता.

“गंमत सांगत व्हते तवा तुमी ऐकली नाय. आमी पोरी आलो तवा असाच गेला व्हता. आमी रडाया लागलो, येवढ्या लांबून आलो न् पानीच नाय. शाळंच्या बाई म्हनल्या, बसा गं, येतो तो. दिसातून दोनदा जातो न् दोनदा येतो. बसलो. सांजंला आला.”

तुळशीदास बाहीनं नाक पुसत राहिला. “समुद्र येईल,” तो शेवटी म्हणाला. “कमलेश नाय येनार, पुष्पा.”

“नाय येनार,” ती म्हणाली. “म्हनून तं बसते मी. रोज बसते. तुमी येक दिस तरी बसले का माझ्यासंगं?”

 कौलं, कुंपण, मांडव, अर्ज, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. ही पडवीत एकटी, आणि हा घरभर तिला चुकवत हिंडतोय. तिला उठवायला म्हणून तो एवढा दौरा आखत बसला, आणि ती इतके दिवस नुसती त्याची वाट पाहत होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि पुन्हा रडू आलं, आणि या खेपेला तीही रडली. दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून हुंदके देत राहिली.

सायकली राहिल्या. चिकूच्या वाड्या राहिल्या. ऊन कलायला लागलं तशी ती लांबची रेघ जरा जाड दिसू लागली. पुष्पलतेनं सासूनं दिलेलं गाठोडं सोडलं, भाकरी मोडली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली आणि वर चटणी घातली.

“पाडव्याला दादा येईल,” ती म्हणाली. “त्याला पोटभर जेवू घाला न् माघारी धाडा.”

आणि उरलेली अर्धी ती खायला लागली. पाणी पायांशी आलं तेव्हा दोघं तिथंच बसलेली होती.