कोथिंबिरीला आलेला ताप

आमच्या ह्यांनी दोन लॉऱ्या भाजी मायेनं मारली.

आज ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मला अक्षर येत न्हाय. मी सांगतेय, नात फोनवर लिहितेय. चुकलं तर तिला बोला.

इंग्रजाचं राज्य होतं. हे बेळगावची भाजी पुण्याला न्यायचे. बर्फ कुठला! टोपल्यांवर घागरी ओतायच्या, वर ताडपत्री करकचून बांधायची. लेकराला दुपट्यात गुंडाळावं तशी.

दोन खेपा पुण्याला पोचेस्तोवर काळ्या पडल्या.

मामंजी म्हणाले, "ही तिसरी. ही नासली तर लॉरी इकायची. मग तू हाईस आणि तंबाखूची वखार हाय."

ह्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं न्हाय. लॉरीवर जीव होता.

त्या खेपेला मी शेजारी बसले होते. नवी नवरी, निपाणीला माहेरी निघालेली.

मागनं ओल्या कोथिंबिरीचा वास. दोन्ही अंगाला झाडं. ढगातनं चालल्यागत वाटत होतं.
हे गुणगुणत होते. सूर कुठल्याच गाण्याचा नव्हता.

निपाणीला मी उतरले आणि ताडपत्रीखाली हात घातला, कोपरापर्यंत.

"अवो, हिला ताप आलाय!"
"कुणाला?"
"कोथिंबिरीला."
"आल्या बघा, निपाणीच्या वैद्यीणबाई!"

माझी आई वखारीत कामाला. ओली तंबाखू ढीग करून ठेवली की आतनं तापते. आई हात घालून बघायची, ढीग उलटायची.
तंबाखू तापते, मग कोथिंबीर काय देवाघरनं आलीय?

"ताडपत्री काढा. टोपल्यांत फट ठेवा, वारा खेळू दे. वर नुसतं ओलं गोणपाट टाका, सैल."
"ऊन लागंल गं!"
"ऊन वरनं लागंल. तुम्ही आतनं शिजवताय त्याचं काय?"

ह्यांनी दोर सोडला.
भाताचं झाकण काढल्यागत वाफ आली.

मी माहेरी गेलेच न्हाय. ओढा दिसला की थांबायचं, गोणपाट भिजवायचं, पुन्हा निघायचं. जागी होते की झोपेत, कळत नव्हतं. सगळीकडं गार, हिरवा वास.

पुण्यात व्यापाऱ्यानं जुडी उचलली, काडी मोडली.
कट्.

ह्यांनी डोळे पुसले. म्हणे, धूळ गेली.
मग हळूच, "पुढच्या खेपेला बी येतीस काय गं?"

गेले की. चाळीस वर्षं गेले.

शेवटच्या खेपेला मात्र मला न विचारता निघालात.
सावकाश जावा. नमस्कार करते.