पाटीवर नाव नसलेली बाई

आर्डिस व्हीलॉकने हॅडलॉक गावात बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली. बस वळायची तिथेच रस्त्याकडेला लोखंडी पाटी होती: १६८८ साली इथे चेटकिणींवरचे खटले चालले. न्यायाधीशाचं नाव ठळक, पाद्र्याचंही. फासावर गेली ती मात्र नुसती ‘एक स्त्री’. पोरं विचारायची, “तिचं नाव काय?” शेवटी आर्डिसने लायब्ररीतली जुनी दप्तरं उपसून नाव शोधून काढलं. मेहिटबेल ड्रू. गुन्हा काय, तर शेजाऱ्यांना दूध द्यायला ती नाही म्हणाली आणि त्यांची गाय आजारी पडली.

तेव्हापासून अकरा वर्षं, ते नाव पाटीवर घालायचा ठराव दर मार्चच्या गावसभेत येतो. येतो कसला, यादीच्या शेपटीला लोंबकळतो. बर्फ उपसायच्या गाडीच्या खर्चावर ही माणसं दोन तास घसा कोरडा करतात, दुपारी जेवतात आणि आर्डिसनेच तळलेले, मेपलच्या पाकातले डोनट रुमालात बांधून घरी पळतात. मग मतदानाला पुरेशी माणसंच उरत नाहीत. आपलाच ठराव आपणच तळून बुडवतोय, हे तिच्या टाळक्यात शिरायला अकरा वर्षं लागली.

यंदा डोनट तिच्या गाडीच्या डिकीत आणि किल्ली तिच्या मुठीत.

“आर्डिस, डोनट कुठे गं?” सभा चालवणाऱ्या लायमन पेकने विचारलं.

“डिकीत. आधी माझ्या ठरावाला हात वर करा, मग तोंड गोड करा.”

“अगं, ही दादागिरी झाली!”

“अकरा वर्षं गोडीत सांगितलं, लायमन. काय मिळालं?”

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, “मेली चेटकीणच आहे ही!” सगळा हॉल खदाखदा हसला.

आर्डिसच्या अंगाची लाही लाही झाली. “कोण बोललं? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. मागच्या बाकावरचे सगळे छताकडे बघत बसले. लायमनने घाईघाईने ठराव वाचला, तेव्हा मात्र भराभर हात वर गेले. एकमताने मंजूर.

“घे, झालं तुझ्या मनासारखं. आण आता डोनट.”

आर्डिसने कोट चढवला.

“नाही देत,” ती म्हणाली. “आणि उद्या कुणाची गाय आजारी पडली, तर माझं नाव आत्ताच लिहून घ्या. आर्डिस व्हीलॉक.”