तसराळ्यातलं पाणी

नर्सिंगच्या मुलींना हात धुवायला शिकवणं हे माझं काम होतं आणि त्या कामाचा मला गर्व होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. कोल्हापुरातल्या आमच्या हॉस्पिटलात तान्ह्या बाळांच्या खोलीबाहेर लोखंडी स्टँडवर एनॅमलचं तसराळं असायचं. त्यात जंतुनाशकाचं पिवळट पाणी, शेजारी खिळ्याला टॉवेल. हात बुडवायचे, पुसायचे, मगच बाळाला शिवायचं. मी अशीच शिकले होते आणि अशीच शिकवत होते. एखादी विसरली की अख्ख्या वॉर्डासमोर तिची खरडपट्टी निघायची.

पाणी कमी झालं की वरून भर घालायची. सगळं ओतून देऊन, तसराळं घासून पुन्हा भरायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. औषधाची बाटली स्टोअरमधून मागून मागून मिळायची. ते मोरीत ओतणं माझ्या जिवावर यायचं.

त्या बॅचला कबनूरची एक मुलगी होती, वडील यंत्रमागावर कामाला. ती तसराळ्यात हात घालायची नाही. व्हरांड्याच्या टोकाला एकच नळ होता, तिथं जाऊन साबणानं कोपरापर्यंत धुवायची आणि हात हवेवर वाळू द्यायची. मी जाब विचारला तर म्हणाली, "मॅडम, त्या पाण्याला वास येतोय की. बुळबुळीत लागतंय हाताला."

माझं डोकंच फिरलं. पहिल्या वर्षाची पोरगी मला शिकवणार? सगळ्यांच्या देखत मी तिची मनगटं धरली आणि दोन्ही हात तसराळ्यात बुडवले. दुसऱ्या दिवसापासून ती मुकाट्यानं हात बुडवू लागली.

तिच्याकडे गगनबावड्याच्या बाजूच्या एका बाईचं बाळ होतं. दिवस भरायच्या आत झालेलं, पण हळूहळू अंग धरत होतं. त्याच आठवड्यात खोलीतल्या दोन बाळांना ताप आला. मी नातेवाइकांवर खापर फोडलं, आया सोडून सगळ्यांना आत यायची बंदी केली आणि मुलींना आणखी वेळा हात बुडवायला लावले. ताप हटला नाही. तिसऱ्या बाळानं दूध सोडलं. मला भीती वाटायला लागली होती, आणि भीती वाटली की मी जास्तच ओरडते. चौथ्या दिवशी गगनबावड्याचं बाळही दूध ओढेनासं झालं. त्याची आई त्याच्या ओठांना बोट लावून बघत बसायची.

प्रयोगशाळेचा माणूस नमुने घ्यायला आला. नळ, टॉवेल, मुलींचे हात. शेवटी त्यानं तसराळ्यात कापसाची काडी फिरवली तेव्हा मी वैतागून म्हणाले, "त्यातलं कशाला? ते औषध आहे."

तीन दिवसांनी डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे ठेवला. जंतू तसराळ्यात होते. बाळांच्या रक्तात सापडलेले तेच. कबनूरच्या मुलीनं ते पाणी मोरीत ओतलं. तळाशी शेवाळासारखा थर होता, तो ती नखानं खरवडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

बाकीची तिन्ही बाळं औषधांनी सावरली. गगनबावड्याचं बाळ त्याच दुपारी गेलं.

संध्याकाळी त्याची आई मुद्दाम मला शोधत आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, तुमच्या पोरींनी काय कमी केलं न्हाय. मी बघत हुतो की. दर टायमाला त्यात हात बुडवल्याबिगर माझ्या लेकराला कुणी शिवलं न्हाय."

तिला खरं सांगायला हवं होतं. मी फक्त विचारलं, सोबत कोण आलंय.