डॉक्टरच्या घरात सुई कशाला

मेडिकल कॉलेजात शिकवत होते तेव्हा दरवर्षी काही दिवस मी सासू व्हायची. इंटर्नशिपची पोरं खेड्यात जायच्या आधी त्यांना एक गोष्ट शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. लेकरांना लस टोचू न देणाऱ्या घरांत जाऊन बोलायचं कसं, ती गोष्ट. फळ्यावर लिहून ते काही येत नाही. म्हणून मी डोक्यावर पदर घ्यायची, वर्गात सतरंजी अंथरून तिच्यावर ठाण मांडायची आणि म्हणायची, या एकेक, पटवा मला. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात सासूचं सोंग मिळालं की मोकळं रान. पुण्याची एक पोरगी 'लसीकरणाचे प्रमुख फायदे' असं सुरू करायला गेली, तर मी तिला असं झापलं की ती खरंच रडायला लागली. मग पदर खाली घेऊन तिची समजूत काढली आणि पुन्हा पदर वर घेऊन पुढच्याला बोलावलं.

त्या तुकडीत निलंग्याकडचा एक पोरगा होता. शेतकऱ्याच्या घरातला, उंचापुरा, आणि जिभेवर नुसती साखर. तो आधी चपला काढायचा, सतरंजीच्या कडेला टेकायचा, मला मावशी म्हणायचा, बोअरला पाणी आहे का विचारायचा. सुईचा विषय त्याने काढायच्या आत मीच विचारून बसायची, मग कधी टोचताव? मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं होतं, लेका, तू दगडालासुद्धा दंड पुढं करायला लावशील. बाकीची पोरं त्याच्यावर जाम जळायची.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांचे बोर्ड ताजे, रंग बोटाला लागेल असे, पण आत बसायला खुर्ची नाही. कुठल्याशा साहेबांकडे मी सहीला गेले तर ते उभ्याउभ्याच म्हणाले, मॅडम, सही आत्ता देतो, शिक्का अजून उस्मानाबादहून यायचाय. नव्या जिल्ह्याला हाताखाली माणसं नव्हती, म्हणून आमची तुकडी निलंगा तालुक्यात मागवून घेतली. त्यात दुष्काळ. टँकर आला की सगळं गाव घागरी घेऊन पळायचं, आणि आमची जीप नेमकी टँकरच्या मागोमाग पोचली तर आम्हाला कुत्रंही विचारायचं नाही. एका गावात तर बायांनी आमच्या लसीच्या बर्फाच्या डब्याकडे बघून विचारलं, ह्यात पानी हाय का? नाही म्हटल्यावर त्या निघूनच गेल्या.

तरी आमचं बरं चाललं होतं, कारण तो पोरगा. तो घरात शिरला की लेकरू बाहेर यायचंच. मी जीपजवळ उभी राहून शेंगा खात असे. मग एका संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या गावाचं नाव घेतलं आणि त्याच्या पोटात कळ आली. सकाळी तर तो उठेचना. जुलाब म्हणाला, मळमळ म्हणाला, चक्करही म्हणाला. मला वाटलं, दुष्काळातलं पाणी, बाधलं असेल. त्याला साखर-मिठाचं पाणी करून दिलं आणि आम्ही त्याच्यावाचून गेलो.

त्या गावाची मला घाई होती. शेजारच्या वस्तीवर डांग्या खोकला सुरू झाला होता आणि तिथलं एक तान्हं लेकरू निळं पडलं म्हणून लातूरला नेलं होतं. आता तो खोकला या गावात शिरायचा तेवढा बाकी होता. पण इथं एकही घर दाद देईना. सगळ्यांचं उत्तर एकच, आधी त्या गल्लीच्या तोंडच्या घरात टोचा, मग आमच्याकडं या. तिथली नर्स माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, मॅडम, त्या घरात काही जमायचं नाही, ते डॉक्टरचं घर आहे.

गेलो. घरातली म्हातारी काटक, नऊवारीतली, बोलायला अगदी मऊ. घोंगडं टाकलं, चहा ठेवला. आम्ही जे सांगू त्याला हाव, बराबर हाय. शेवटी मी विचारलं, मग आणा की लेकराला. तर ती म्हणाली, "आमच्या घरातच डॉक्टर हाय, बाई. आमाला सुई कशाला?" आणि तिने भिंतीकडे बोट केलं. तिथं गळ्यात स्टेथस्कोप घातलेला, फ्रेम केलेला, कपाळाला कुंकू लावलेला आमचाच पोरगा हसत होता.

आता बोला.

आतल्या दारात त्याची बायको उभी होती, कडेवर चार महिन्यांची मुलगी. टपोऱ्या डोळ्यांची, बापाचं नाक जसंच्या तसं. एकही सुई झालेली नाही. सगळ्या तालुक्यातली लेकरं टोचून आलेल्या माणसाची लेक तेवढी उघडी, आणि तिच्यापायी अख्खं गाव उघडं. जीपमध्ये बसताना मी दार धाडकन आपटलं. ड्रायव्हर नंतर म्हणाला, त्याला माझीच भीती वाटली.

मुक्कामावर पोरगा वऱ्हांड्यात बसून भाकरी-पिठलं हाणत होता. मला बघून त्याने ताट बाजूला सारलं. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मॅडम, जगातल्या सगळ्या सासवांना सांगतो. मायला कसं सांगू?"

मग त्याने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं असं नाही, पण डॉक्टर होऊनही माणूस त्यात अडकून बसेल असं कधी वाटलं नव्हतं. त्यांच्याकडे थोरामोठ्यांच्या देखत बापाने स्वतःच्या लेकराला घ्यायचं नसतं. घेणं सोडा, त्याच्याकडे बघायचंही नसतं, त्याच्याबद्दल बोलायचं नसतं. फार निर्लज्ज दिसतं म्हणे. भावाचं लेकरू खांद्यावर घेऊन गावभर हिंडा, कुणी काही म्हणत नाही. आपलं रडून रडून काळंनिळं झालं तरी पेपर वाचत बसायचं. महिन्या-दोन महिन्यांतून तो सकाळच्या एसटीने घरी जायचा, लेकीकडे चोरून बघायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचा. तिचं वजन किती आहे हेसुद्धा त्याने अंदाजाने सांगितलं. मला इतका राग आला की रडू येईल असं वाटलं. मी त्याला म्हटलं, उद्या तू येतोस, जुलाब झाले तरी येतोस.

दुसऱ्या दिवशी तो आला खरा. घोंगड्यावर बसला आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. जिभेवरची साखर कुठं गेली कोण जाणे. बाकीची पोरं आळीपाळीने बोलली, म्हातारी सगळ्यांना हाव म्हणाली. पुण्याची पोरगी आता चांगली तयार झाली होती, तिनेही हात टेकले. माझा संयम सुटायला लागला. मी म्हातारीला सरळ विचारलं, तुम्हाला भीती कशाची वाटते ते तरी सांगा.

ती म्हणाली, "ताप येतो का हो?"

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, येतो. एक-दोन दिवस येतो, मग उतरतो.

"मंग त्या तापातल्या लेकराला घेऊन कोन बसनार? तुमी तर जीपमदी बसून जाताव."

आणि मग ती सांगायला लागली, आवाज जरासुद्धा न चढवता. ह्या पोराच्या आधी तिला एक पोरगी झाली होती. गावात देवीची लस टोचणारा आला, दुपारी टोचून पुढच्या गावाला गेला. लेकरू तापलं. तापाने गेलं का आणखी कशाने, कुणाला ठाऊक, पण गेलं.

पोरग्याने मान वर केली. त्याला बहीण होती हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"ह्याच्या बापानं तिला कदी घेतलं न्हाई," म्हातारी त्याच्याकडे बघून म्हणाली. "सासू-सासरे समोर, लाज वाटायची. ताप चढला तवा बी दारातच हुबा ऱ्हायला. घेतलं ते मातीला न्यायला घेतलं."

 म्हातारीने सुनेच्या कडेवरची मुलगी काढून घेतली, दोन पावलं टाकली आणि ती पोराच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "तू घेऊन बसनार आसशील, तर टोचा."

त्याने तिला असं धरलं की जणू कुणी ओतू जाणारं दूध हातात दिलंय. पुण्याच्या पोरीने सुई टोचली. मुलगी थोडं रडली आणि गप्प झाली. बाप मात्र गप्प होईना. त्याचं रडणं गल्लीत ऐकू गेलं, काय झालं म्हणून बाया दाराशी आल्या, आणि आल्याच आहेत तर आम्ही त्यांची लेकरंही टोचून घेतली. जाताना मी त्याला बजावलं, ताप उतरेपर्यंत तुझी ड्यूटी इथंच.

दुसऱ्या दिवशी राहिलेल्या घरांसाठी आम्ही पुन्हा गेलो. गल्लीत पारावर गावातली म्हातारी माणसं बसली होती, आणि त्यांच्यासमोरून आमचा पोरगा लेकीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. मागे त्याची माय. कुणी जरा टक लावून बघितलं की ती मोठ्याने सांगायची, "ताप बघलालाय त्यो. डॉक्टर हाय, घ्यावंच लागतंय."

मी मुलीच्या कपाळाला हात लावला. अंग गार होतं, ताप केव्हाच उतरला होता. म्हातारीने माझा हात बघितला, माझं तोंड बघितलं आणि जरा जवळ सरकून विचारलं, "आजून दोन दिस तरी ऱ्हाईल की ताप, न्हाई का बाई?"

मी म्हटलं, चांगला आठवडाभर राहील.